अर्धा वळसा

काका चहा एका दमात कधी प्यायले नाहीत. अर्धा मग प्यायचे, थांबायचे, टेबलावरच मगला अर्धा वळसा द्यायचे आणि मग उरलेला अर्धा प्यायचे. वळशामुळे मगचा कान पलीकडे जायचा, म्हणून दुसऱ्या अर्ध्यासाठी त्यांना हात बदलावा लागायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मगचा टवका उडालाय. दुसऱ्यांदा वाटलं, काहीतरी व्रतबित असेल. तिसऱ्यांदा मी काकूंना विचारलं.

काकू म्हणाल्या, "गोळ्या."

"ब्लडप्रेशरच्या?"

"बंदुकीच्या. वर जाऊन बघ. माझ्या बॉक्स रूममध्ये."

'माझ्या' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की त्या अडगळीच्या खोलीवर कोर्टात दावा चालू असावा.

इंग्लंडात, लेस्टरला त्यांच्या घरी मी चार वर्षं भाड्याने राहिलो. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर आलेला. काका नागपूरचे, दातांचे डॉक्टर. सत्तरच्या दशकात इथे आले, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, लेस्टरकरांचे दात काढले आणि निवृत्त झाले. जन्म लेस्टरमध्ये गेला, पण जिभेवरचं नागपूर हललं नाही. निवृत्तीनंतर इतर काका लोक बाग करतात, ब्रिज खेळतात, भजनी मंडळात पेटी वाजवतात. आमचे काका घरच्या घरी काडतुसं भरायचे.

घाबरू नका, सगळं कायदेशीर होतं. पोलिसांचा परवाना होता, रायफली भिंतीत बोल्ट मारलेल्या पोलादी कपाटात होत्या, काका गावाबाहेरच्या शूटिंग क्लबचे मेंबर होते आणि दर रविवारी तिथे कागदावर भोकं पाडायला जायचे. क्लबला जाणं थांबलं की परवाना जातो, अशी इथली रीत. परवाना गेला की बॉक्स रूम रिकामी. काकू या रीतीकडे मोठ्या आशेने डोळे लावून बसल्या होत्या. त्यांना तिथे शिलाई मशीन ठेवायचं होतं.

मी बॉक्स रूममध्ये डोकावलो तेव्हा काका हातदाब्याच्या प्रेससमोर बसले होते. उसाचा रस काढायच्या चरकाचं बाळ दिसावं, तसं ते यंत्र होतं.

"ये. काय पाहून राहिला? बस," ते म्हणाले. "हे पितळी नळकांडं. यात दारू भरली. आता वरून गोळी बसवायची. किती खोल?"

"किती?"

"प्रत्येक वेळी तेवढीच! एक थाऊ इकडे नाही, एक थाऊ तिकडे नाही." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "एकीची खोली बदलली का तिची चाल बदलते. एकाच दमात दाबली का वाकडी बसते. म्हणून अर्धी दाबायची. थांबायचं. अर्धा वळसा द्यायचा. मंग पुरी दाबायची. समजलं?"

समजलं. चहाचं कोडं सुटलं, आणि इतर बऱ्याच गोष्टींचंही. कारण काका फक्त गोळीच तशी बसवत नव्हते. ते दार अर्धं लावून थांबायचे. अर्धी पोळी खाऊन ताट फिरवायचे. सत्यनारायणाच्या आरतीत तबक अर्ध्यावर थांबायचं आणि मागची सगळी मंडळी एकमेकांवर आदळायची. वाक्यंसुद्धा अर्धी बोलून ते खुर्चीत वळायचे आणि उरलेली भिंतीला सांगायचे. काकू म्हणायच्या, "बघायला आले तेव्हा म्हणाले, 'तुम्ही मला', आणि पाठ फिरवली. मला वाटलं, संपलं. मग खिडकीकडे बघून म्हणाले, 'पसंत आहात.' आईला वाटलं लाजाळू आहे. लाजाळू कसला! तेव्हा बंदूक नव्हती, पण खोड होती."

ज्यांचे दात काकांनी काढले त्यांचा विचार मी मुद्दाम करत नाही. अर्धा दात उपटून डॉक्टर खुर्चीला अर्धा वळसा देतोय आणि आ वासलेला गोरा पेशंट खिडकीतून कार पार्क बघतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला अजूनही हसू आवरत नाही.

त्यांचं दुसरं शास्त्र मापाचं. भरलेलं काडतूस ते कॅलिपरमध्ये धरायचे, पण टोकापासून मोजत नसत. गोळीच्या तोंडावर एक छोटं टोपण चढवायचे आणि जिथे तिचं अंग भरतं, तिथून मोजायचे. मी एकदा आगाऊपणाने टोकापासून मोजलं, तर त्यांनी माझ्या हातातून कॅलिपर काढून घेतला.

"टोकावरून माप घेऊ नको, बाप्पा. टोक खोटं बोलते. कारखान्यात कसंही तुटते ते. नळीला टेकते ते अंग. अंगावरून मोज."

हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की ऑफिसात कुणी प्रेझेंटेशन द्यायला उभं राहिलं की मला 'टोक खोटं बोलते' आठवायचं आणि पुढचं ऐकूच यायचं नाही.

या सगळ्या तपश्चर्येचं फळ? रविवारी मी एकदोनदा त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो होतो. इंग्लंडातली सर्वांत एकसारखी काडतुसं काका रायफलीत भरायचे, आडवे व्हायचे, श्वास रोखायचे आणि घोडा ओढताना दोन्ही डोळे गच्च मिटून घ्यायचे. गोळ्या आपापल्या मर्जीने जायच्या. सगळ्या तंतोतंत एकाच खोलीला बसवलेल्या, आणि कागदावर पांगलेल्या मात्र अशा, की जणू लग्नाच्या पंगतीतून उठलेली पोरं.

क्लबचा सेक्रेटरी त्यांच्या शेजारच्या चटईवर असायचा. उंच, वाळका इंग्रज, रिटायर्ड पोस्टमन. तो दुकानातून विकत घेतलेली काडतुसं वापरायचा आणि काकांपेक्षा दसपट बरं मारायचा. जीभ कात्रीसारखी. दुर्बिणीतून काकांचा कागद बघायचा आणि म्हणायचा, "डॉक, तुझ्या काडतुसांना मालक बरा मिळायला हवा होता."

काका म्हणायचे, "आणि तुझ्यासारख्या मालकाला बरी काडतुसं."

मग दोघं थर्मासमधला चहा प्यायचे. पावसात, टपाच्या पत्र्याखाली, फारसं न बोलता. मला वाटायचं, हा काय सहवास! टोमणे आणि चहा. घरी परतताना काका पुटपुटायचे, "हलकट आहे. खूप हलकट आहे." आणि पुढच्या रविवारी त्याच्यासाठी काकूंकडून चिवडा बांधून घ्यायचे.

आता मास्तराबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काकांनी एक काडतूस कधीकाळी असं जमवलं होतं, की त्यात दारू नाही, ठिणगी देणारी टोपी नाही, अंगाला आरपार भोक पाडलेलं. ते उडणं शक्यच नाही. त्यात होतं फक्त माप. नवीन काडतुसं भरायला घेतली की आधी हे प्रेसमध्ये लावून खोली जुळवायची. त्याचं नाव मास्तर. आणि मास्तर राहायचा देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी. बॉक्स रूममध्ये धूळ असते म्हणून.

"हळदकुंकू मीच लावते त्याला," काकू म्हणायच्या. "घरात मान असलेला एकच पुरुष आहे तो. बोलत नाही, उडत नाही."

क्लबमधून फक्त सेक्रेटरी एकदा घरी जेवायला आला होता. त्याला काकांनी बूट काढायला लावून देवघरासमोर नेलं आणि मास्तर दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्या बायकोलाही मी इतकं जपलं नाही."

आता माझं.

मी नकला बऱ्या करतो. म्हणजे करायचो. आमच्या मराठी मंडळींच्या गप्पा ठरलेल्या होत्या: व्हिसा, मॉर्टगेज, आणि यंदा हापूस कुठल्या दुकानात आला. अशा ठिकाणी काकांसारखा माणूस घरात असणं हे भांडवल होतं आणि मी ते दोन वर्षं व्यवस्थित वापरलं. कुणाच्या घरी गेलो की जेवणानंतर फर्माईश यायची, "अरे, ते डेंटिस्टकाका कर ना." मी चहाचा मग अर्धा प्यायचो, तो उजवीकडे फिरवायचो, हात बदलायचो. लोक लोळायचे. आधी मला लोक 'पुण्याचा तो एक' म्हणायचे, नंतर नावाने बोलावू लागले. हे सुख काय असतं, ते परदेशात एकटं राहिलेल्याला कळेल.

दर वेळी तेच केलं की हसू कमी होतं. मग मी भर घालू लागलो.

दोन हजार पाचच्या गणपतीत शाळेचा हॉल घेऊन कार्यक्रम होता. दुपारची वेळ, रविवार, म्हणजे काका रेंजवर. काकू पहिल्या रांगेत. मी स्टेजवर काका झालो. चहा झाला, आरती झाली, दात झाला. हॉल हलत होता. मग मी देवघर केलं. खोटाखोटा मास्तर बोटांत धरला, उपरण्याने पुसला आणि काकांच्या आवाजात म्हणालो, "हा मास्तर. याला अजून उडवला नाही. राखून ठेवला. याच्यावर सेक्रेटरीचं नाव आहे." थांबलो, अर्धा वळसा घेतला आणि पाठमोरा म्हणालो, "येत्या रविवारी."

काकांनी असं काही कधीही म्हटलं नव्हतं. पण टाळ्या अशा पडल्या की मी दोनदा वाकलो. काकूंनी हसून हसून डोळ्यांना पदर लावला होता.

मागच्या रांगेत कुणाची तरी ऑफिसमधली इंग्रज मैत्रीण साडी नेसून बसली होती. शेजारणीने तिला माझी नक्कल हळूहळू समजावून सांगितली. भाषांतरात विनोद मरतो आणि धमकी तेवढी शिल्लक उरते. बाई भली होती. त्या जुलैत लंडनच्या ट्रेनमध्ये जे बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर आमच्यातला कुणी रकसॅक घेऊन बसला तरी डबा अवघडायचा. इथे तर घरात दारू भरणारा म्हातारा, आणि राखून ठेवलेली गोळी. तिने काळजीपोटी पोलिसांना फोन केला. हे मला पुढे कार्यक्रमाच्या आयोजकाकडून कळलं.

पोलिसांचा परवान्याचा अधिकारी आला तो आठवड्याभरात. मोठा सभ्य माणूस. दारातच बूट काढले. काकांना वाटलं नेहमीची तपासणी, म्हणून ते उत्साहाने त्याला प्रेस दाखवू लागले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "एक काडतूस तुम्ही वेगळं ठेवलंय असं ऐकलं. क्लबमधल्या कुणासाठी."

काकांनी अर्धा वळसा घेतला नाही. तेव्हाच मला कळलं, की काहीतरी फार बिघडलंय.

देवघर उघडलं. अधिकाऱ्याने मास्तराला भोकातून पाहिलं, हलवलं. बोटाला कुंकू लागलं ते कुठे पुसावं त्याला कळेना. मास्तर निर्दोष सुटला. पण चौकशी पूर्ण होईपर्यंत रायफली आणि भरलेली काडतुसं घेऊन जावी लागतील, असं तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला, कारण परवान्यासाठी लागणाऱ्या दोन जामीनदारांपैकी एक मी होतो.

"यांनी असं कधी म्हटलेलं तुम्ही ऐकलंय?"

"कधीच नाही," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. इतकं खरं उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल, आणि इतकं नीचही.

काकूंनी चहाचा ट्रे धरून माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. मी बोललो असतो तर राहायची जागा गेली असती आणि मंडळींतलं नावही. त्या बोलल्या असत्या तर आपण पहिल्या रांगेत बसून हसलो हे नवऱ्याला सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर बॉक्स रूमही त्यांच्या डोळ्यांसमोर आलीच असणार. दोघांनी मिळून अधिकाऱ्याला दोन बिस्किटं जास्त वाढली.

तो गेल्यावर काका बराच वेळ देवघरासमोर बसले. मग म्हणाले, "घराबाहेरच्या एकाच माणसाला मी मास्तर दाखवला होता."

"अहो, पण तो कशाला असं…" काकू म्हणाल्या.

"जीभ नाही पाहिली त्याची?"

हिवाळा संपता संपता रायफली परत आल्या. परवाना शाबूत होता. पण काका क्लबला जाईनात. सेक्रेटरीचा फोन आला की काकूंना 'नाही म्हण' अशी खूण करायचे. त्याने चिठ्ठी टाकली, ती न उघडताच कचऱ्यात गेली. आपलं काय चुकलं हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. क्लबला न जाणाऱ्याचा परवाना राहत नाही, हे मी वर सांगितलंय. पुढचं नूतनीकरण जवळ येत चाललं होतं. काकूंनी एकदा बॉक्स रूममध्ये टेप नेऊन भिंत मोजली आणि मी बघतोय हे दिसताच टेप सोडून दिली. ती सर्रकन आत गेली.

काका तरीही रोज प्रेससमोर बसायचे. दारूशिवाय, टोपीशिवाय, नुसतीच काडतुसं जुळवायचे. मास्तर, आणखी मास्तर. खिडकीत सगळे एका उंचीचे ओळीने उभे.

मी काय करत होतो? मी नक्कल बंद केली होती. लोकांनी विचारलं तर घसा बसलाय म्हणायचो. हेच मी प्रायश्चित्त समजत होतो. माणूस स्वतःला फार स्वस्तात सोडतो.

मग एके दिवशी क्लबमधून निरोप आला. सेक्रेटरीची बायको गेली. फ्युनरलला काका गेले नाहीत. सूट घातला, बूट घातले, जिन्याच्या अर्ध्यावर थांबले, आणि या वेळी अर्धा वळसा घेऊन परत वर गेले. उरलेला अर्धा जिना ते उतरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बॉक्स रूमच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. हॉल, उपरणं, 'येत्या रविवारी', साडीतली बाई. सांगताना लक्षात आलं की मी अजूनही ते रंगवून सांगतोय. मग उरलेलं कोरडेपणाने, यादी वाचल्यासारखं संपवलं.

काकांचा हात प्रेसच्या दांड्यावर अर्ध्यात होता.

"तू…" ते म्हणाले.

थांबले. खुर्ची हळूहळू फिरवली. मला त्यांची पाठ दिसत होती आणि खिडकीतले मास्तर.

"…गाडी काढ."

जिन्याच्या तळाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अहो, मीही हसले होते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत जास्त मीच."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू मागे बस."

सेक्रेटरीचं घर लहानसं, दारात दुधाच्या बाटल्या. त्याने दार उघडलं आणि काकांना बघून तसाच उभा राहिला. दाढी केली नव्हती.

"मॅचला येत नाहीस ते नाहीस," तो म्हणाला, "तिच्यासाठीही आला नाहीस."

"नाही आलो," काका म्हणाले. "का नाही आलो ते हा दाखवेल."

मला वाटलं होतं, माफी मागायला नेतायत. ती मी वाटेत पाठ केली होती. पण काका आरामखुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "कर. जसं हॉलमध्ये केलं तसं. याच्यासाठी इंग्रजीत कर."

भिंतीच्या कडेला शोकाची कार्डं मांडलेली होती. त्यांच्यामध्ये तिचा समुद्रकाठचा फोटो. सेक्रेटरीने आमच्यासाठी चहा आणला होता. त्यातला माझा मग उचलून मी नक्कल केली. अर्धा प्यायलो, उजवीकडे फिरवला, हात बदलला. कुणी हसलं नाही. आरती इंग्रजीत कशी करतात ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी केली. मग मास्तर बोटांत धरला आणि म्हणालो, की याच्यावर सेक्रेटरीचं नाव आहे. अर्धा वळसा घेऊन पाठमोरा झालो. समोर तिचा फोटो होता. 'येत्या रविवारी' हे मी तिला म्हणालो.

काकू मागे हुंदके देत होत्या.

मी वळलो आणि सांगून टाकलं, की हे कुणीतरी पोलिसांना कळवलं आणि काकांनी संशय तुमच्यावर घेतला. सेक्रेटरी मान तिरपी करून माझ्या मगकडे बघत होता. आपल्यावर काय आळ होता, काका दीड वर्ष का बोलले नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. मला वाटलं, आता तो मला बाहेर काढेल. बरंच झालं असतं.

"उलटं आहे," तो म्हणाला. "तो डावीकडे फिरवतो."

मी चार वर्षं रोज सकाळी त्या माणसाच्या समोर बसून चहा प्यायलो होतो.

"आणि त्याचे डोळे," सेक्रेटरी पुढे म्हणाला. "घोडा ओढताना तो डोळे मिटतो. ते तू घेतलंच नाहीस. एवढी हसण्यासारखी गोष्ट, ती तू घेतलीच नाहीस."

"हलकट," काका मराठीत म्हणाले. सेक्रेटरीने मान डोलावली. हा शब्द त्याला ठाऊक असावा.

काकांनी आपला मग उचलला आणि प्यायले, अर्धा. खाली ठेवला. हात मगवरून उचलून मांडीवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला. पुढचं त्यांना जमेना. मी त्यांना अर्ध्यावर थांबताना हजारदा पाहिलं होतं, पण अर्ध्यावर अडकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सेक्रेटरी उठला. टेबलापाशी आला. दोन बोटांनी त्याने काकांच्या मगला डावीकडे अर्धा वळसा दिला, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला.